दहाव्या रकान्यातली बाई : सत्तरीतल्या एका वनहक्क दाव्याचं प्रकरण

या प्रकरणातला पहिला अर्ज मीच भरला होता, त्यामुळे चुकीची सुरुवात माझ्याच अक्षरात आहे. नमुना 'अ', रकाना १०, 'कुटुंबातील इतर सदस्यांची नावे, वयासह'. तिथं निळ्या बॉलपेनने मी लिहिलं, 'विधवा भावजय', मग कंसात तिचं नाव, मग वय ४८. आधी नातं आणि नाव कंसात. लिहिताना हात कुठं अडला नाही, हे आता जास्त खटकतं.

माणसांची आणि वाड्याची नावं मी इथं देत नाही. गोव्यातला सत्तरी तालुका, डोंगराच्या बाजूचा धनगरवाडा, म्हणजे धनगरांची वस्ती, म्हादई अभयारण्याच्या हद्दीत. एवढं पुरे. संस्थेचंही नाव नको. तिथं मी सहा वर्षं हिशेब पाहिला आणि जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

संस्था

आमची संस्था म्हणजे साडेचार माणसं. निवृत्त शिक्षक असलेले सर, दोन कार्यकर्ते, मी, आणि अर्धा ड्रायव्हर. अर्धा अशासाठी, की उरलेला वेळ तो स्वतःची रिक्षा चालवायचा. सुरुवातीला आमचा पैसा मुंबईच्या एका मोठ्या संस्थेमार्फत यायचा. तिला परदेशी देणगी मिळे, त्यातला थोडा वाटा ती आमच्यासारख्या लहान संस्थांना देई. वर्षाकाठी अहवाल लागायचा आणि त्यात तीन रकाने असायचे : आर्थिक न्याय, वांशिक न्याय, स्त्री-पुरुष न्याय. पहिल्या वर्षी आम्ही मधल्या रकान्यापाशी अडलो. गोव्यात वांशिक म्हणून काय लिहायचं? सर चष्मा पुसत म्हणाले, "धनगर लिही."

तेव्हा मला ती पळवाट वाटली होती, पण सर बरोबर होते. गावडा, कुणबी, वेळीप आणि धनगर या चार नावांची अक्षरं जोडून 'गाकुवेध' हा महासंघ झाला. २००३ मध्ये गोव्यातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत गावडा, कुणबी आणि वेळीप गेले. धनगर राहिले. तेव्हापासून प्रस्ताव दिल्लीला जातो, शंका घेऊन परत येतो, निवडणूक आली की व्यासपीठावर चढतो आणि पुन्हा दिल्लीला जातो.

हा फरक नुसता मानापमानाचा असता तर एक वेळ चाललं असतं. पण रानात राहणाऱ्यांना कसत्या जमिनीचा हक्क, म्हणजे पट्टा, देणाऱ्या २००६ च्या वन हक्क कायद्यात तो थेट जमिनीला भिडतो. यादीतल्या जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या वहिवाटीत आहे एवढं दाखवलं की झालं. यादीबाहेरचा माणूस कायद्याच्या लेखी 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्याने त्या तारखेमागच्या तीन पिढ्या दाखवायच्या आणि एक पिढी २५ वर्षांची धरलेली, म्हणजे एकूण ७५ वर्षं. २००५ मधून ७५ गेले की १९३० उरतं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे सत्तरीतल्या धनगराने आपला आजा पोर्तुगीज अमदानीत याच रानात राहत होता हे दाखवायचं. आणि तो आजा म्हशींमागे घाट चढत-उतरत होता, त्याच्याकडे कुणी कधी कागद मागितला नव्हता.

कायद्याने एक वाट ठेवली आहे. किमान दोन पुरावे लागतात, पण ते सरकारी कागदच हवेत असं नाही. जाणत्या माणसांची लिहून घेतलेली निवेदनं, वंशावळ, जुन्या घरांची जोती, विहिरी, पुरण्याच्या जागा, देवाची जागा, हे सगळं नियम १३ प्रमाणे चालतं. शिवाय ७५ वर्षांची अट रानात राहण्याला आहे. ठराविक तुकडा कसण्याला २००५ ची तारीख पुरते. आमची संस्था उभी होती ती या दोन वाक्यांवर. लोकांना ती समजावायची, कार्यालयात पुन्हा पुन्हा वाचून दाखवायची.

सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगीचा कायदा बदलला. एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मुंबईहून आम्हाला दोन ओळींचं पत्र आलं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पुढचे काही महिने सरांच्या पेन्शनमधून डिझेल भरलं.

मग २०२१ च्या शेवटी एका कंपनीचा सामाजिक दायित्व निधी मिळाला, ठराविक कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात त्यातला. आता अहवालात न्यायाचे रकाने नव्हते. 'दाखल दावे' आणि 'महिला लाभार्थी' असे दोनच, आणि खाली तारीख, ३१ मार्च. दुसरा हप्ता पहिल्या रकान्यावर अवलंबून होता.

अर्ज

घर दोन भावांचं. धाकटा काजूच्या मोसमात झाडावरून पडला, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दोन महिने काढले आणि गेला. मागे बायको आणि एक मुलगी. मुलगी दोडामार्गला दिलेली. जोतं एक, पण चुली वेगळ्या, रेशन कार्डं वेगळी. डोंगरउतारावर काजूची झाडं, पावसात नाचणी, खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला तिने लावलेली मिरी आणि हळद. दोन म्हशी थोरल्याच्या, एक तिची. वाड्यावर तिला सगळे काकी म्हणत, मीही काकीच म्हणायची.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वाड्यावर अर्ज भरायला बसलो. थोरले भावजी आधी आले. अर्जाच्या पहिल्या रकान्यात दावेदार म्हणून त्यांचं नाव, दुसऱ्यात त्यांच्या बायकोचं. सगळी जमीन एकत्र. मी विचारलं, "काकीचा वेगळा अर्ज करायचा ना?"

भावजी काही कपटी माणूस नव्हे. भावाच्या आजारात त्यांनी दोन म्हशी विकल्या होत्या, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं : दोघांची वंशावळ एकच, पुरावा एकच, तोही पातळ. एकाच आज्याच्या नावावर दोन दावे गेले तर वर शंका काढतील आणि दोन्ही आपटतील. शिवाय मुलगी परगावची. उद्या जावई येऊन बसला तर? "पट्टा मिळू दे. मग अर्धं तिचंच. मी काय खाणार आहे का ते?"

ग्रामसभेच्या वन हक्क समितीच्या अध्यक्षांचंही तेच मत पडलं. एका वाड्यात दोन तोंडं दिसली की फायल बाजूला पडते, म्हणाले. मी सरांकडे पाहिलं. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "आधी वाडा, मग घर." अभयारण्यातले लोक गेली वीस-बावीस वर्षं आज उठवतील, उद्या उठवतील या धाकात होते. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे बछडे विष घालून मारलेले सापडले, तेव्हापासून तर रानात राहणारा प्रत्येक जण संशयित. अशा वेळी घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नयेत, हे सरांचं मत मला तेव्हा पटलं. खोटं कशाला सांगू, ३१ मार्चही डोळ्यासमोर होता.

काकी ओटीवर सुपात नाचणी पाखडत होती. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. दहावा रकाना भरला, भावजींची सही घेतली, पुढची फायल उघडली.

एप्रिलमध्ये मी अहवाल केला. 'महिला लाभार्थी' या रकान्यात प्रत्येक दाव्यातल्या बायका मोजायच्या होत्या. भावजींच्या फायलीत मी दोन मोजल्या, त्यांची बायको आणि काकी. सगळ्या फायलींची बेरीज केली तर महिला लाभार्थींचा आकडा दाव्यांपेक्षा मोठा आला. कंपनीकडून कौतुकाची मेल आली. सरांनी ती छापून भिंतीला लावली.

व्हाळ

स्थळपाहणी लागली डिसेंबर २०२२ मध्ये. वन हक्क समितीची माणसं, वनरक्षक, तलाठी, हातात जीपीएसचं यंत्र घेतलेला एक तरुण, आणि नोंदवही घेऊन मी. हद्दीवरून दावेदाराने पुढे चालायचं, यंत्रवाल्याने मागून, दर वळणाला थांबून बिंदू घ्यायचा. नकाशा त्या बिंदूंचाच होतो. पाय जिथं गेला नाही ती जमीन दाव्यात येत नाही, इतकं ते साधं आहे.

भावजी पुढे. काकी बोलावलं नसताना मागून आली, डोक्यावर पदर, हातात कोयती. वनरक्षकाने सहज विचारलं, "ही झाडं किती सालची?" भावजी म्हणाले, "जुनीच सगळी." काकी मागून हळूच म्हणाली, "हे सासूनं लावलेलं. ते तिकडचं माझ्या लग्नाच्या सालातलं. त्या पलीकडची तीन ह्यांनी लावली, सोसायटीतून रोपं आणलेली." वनरक्षकाने तिच्याकडे वळून पाहिलं. मग पुढचे दोन-तीन प्रश्न त्याने तिलाच विचारले. कुठलं झाड आधी मोहरतं, कुठल्या झाडाचे बोंडू, म्हणजे काजूची फळं, रसासाठी तुडवायला घ्यायचे आणि कुठल्याचे तुरट म्हणून म्हशीला टाकायचे, हे ती चालता चालता सांगत होती. भावजींना त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य म्हशींमागे गेलेलं. काजूची जमीन राखली ती धाकट्याने आणि हिने. खाणी चालू होत्या तेव्हा काही वर्षं भावजी ट्रकवर क्लीनर होते, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा परत आले.

उतार संपत आला तिथं भावजी डावीकडे वळले. जुन्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाजूने सरळ गेले की वाट सोपी. यंत्रवाला त्यांच्यामागे. काकी जागची हलली नाही.

"हद्द तिथं नाय, बाय," ती मला म्हणाली. त्यांना नव्हे, मला. "व्हाळापर्यंत आहे."

गडगा आणि व्हाळ यांच्यामध्ये तिची मिरी आणि हळद. पाच-सहा गुंठे असतील. भावजी थांबले, म्हणाले, "ते काय आपलं धरायचं? पावसात व्हाळ चढतो, वाहून जातं." बोलण्यात लबाडी नव्हती. त्यांच्या लेखी तो तुकडा जमीन नव्हताच, बायकांचं परसू होतं. यंत्रवाल्याला जेवायची घाई. तलाठी माझ्याकडे पाहू लागले, कारण वही माझ्याकडे. "दावेदार म्हणतात तसं घ्या," मी म्हटलं.

दावेदार कोण, ते फेब्रुवारीत मीच लिहिलं होतं.

परतीच्या वाटेवर काकी माझ्याशी बोलली नाही. जीपपर्यंत आली, कोयतीने बांधाजवळची फांदी छाटली, एक दोडका पिशवीत घातला, माझ्या हातात दिला आणि गेली. तो दोडका मी खाल्ला, हेही सांगून टाकते.

जे 'नंतर' होऊ शकत नाही

इथं थोडं थांबून कायदा पाहायला हवा. 'पट्टा मिळाल्यावर अर्धं तिला देऊ' हे वाक्य आम्ही सगळ्यांनी, मनापासून, उच्चारलं होतं. आणि कायद्याप्रमाणे ते होण्याजोगं नव्हतं.

कलम ४(४) म्हणतं, हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पट्टा भावजींच्या नावे झाला असता तर उद्या त्यांच्या मनात असूनही अर्धा हिस्सा काकीच्या नावे करता आला नसता. त्यांच्यामागे तो त्यांच्या मुलांकडे गेला असता. त्याच कलमात पुढे आहे : लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि कुटुंबप्रमुख एकटी व्यक्ती असेल तर तिच्या एकटीच्या नावे. वेगळी चूल, वेगळं रेशन कार्ड असलेली काकी यातल्या दुसऱ्या वाक्यात बसत होती. दहाव्या रकान्यात नव्हे.

हे कलम मला माहीत होतं. प्रशिक्षणात मी स्वतः ते फळ्यावर लिहीत असे. पण फळ्यावरचं कलम वाड्यासाठी होतं. वाड्यात कोण येतं, हा प्रश्न आम्ही घराघरावर सोडून दिला होता. एकजूट टिकावी म्हणून बाईचा हक्क 'मग' या शब्दात ठेवायचा, ही चळवळींची जुनी सवय आहे. आमच्या बाबतीत त्या 'मग'ला कायद्याने कुलूप घातलं होतं आणि किल्ली आम्ही स्वतःच्या हाताने आत टाकत होतो.

वाटा तीन होत्या. ग्रामसभेचा ठराव होण्याआधी काकीचा स्वतंत्र दावा घ्यायचा; दाव्यांची मुदत तीन महिन्यांची असली तरी कारणं लेखी नोंदवून ग्रामसभा ती वाढवू शकते. किंवा ठराव होऊ द्यायचा आणि ६० दिवसांत ग्रामसभेच्या वरच्या उपविभागीय समितीकडे दाद मागायची. किंवा गप्प बसायचं. दुसऱ्या वाटेत काकी भावजींविरुद्ध तक्रारदार झाली असती, आणि वाड्यात राहून ते करणं म्हणजे रोज त्याच विहिरीवर त्याच माणसांसमोर उभं राहणं. राहिली पहिली. ठराव तेवढा बाकी होता. ग्रामसभा दोनदा कोरमअभावी तहकूब झाल्यामुळे वेळ मिळाला होता. तहकुबीला आम्ही इतके दिवस शिव्या घालत होतो.

सभा

मी सरांशी आधी बोलायला हवं होतं. बोलले नाही, माहीत होतं ते काय म्हणतील. गुरुवारी वाड्यावर बचत गटाची बैठक असायची. हप्ते गोळा झाले, पासबुकं भरली, आणि मी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. दोनच गोष्टी वाचल्या. एक, पट्ट्यावर दोघांचं नाव. दुसरी कोरमची : सभेला निम्मे सदस्य हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात.

मला वाटलं होतं, काकीबद्दल बोलणं होईल. झालं भलतंच. एकजण म्हणाली, "माझं नाव आहे का आमच्या अर्जात?" फायलींच्या झेरॉक्स माझ्याजवळ होत्या. पाहिलं. नवऱ्याचं नाव होतं, दुसरा रकाना कोरा. मग दुसरीने विचारलं, मग तिसरीने. अकरा फायलींत बायकोचं नाव नव्हतं. कुठं आधारवर माहेरचं नाव होतं म्हणून 'नंतर घालू' म्हटलेलं, कुठं ती त्या दिवशी माहेरी गेलेली, कुठं काहीच कारण नाही. ते अर्ज सगळे माझे नव्हते, पण तपासून शिक्का मारलेले माझेच. काकी कोपऱ्यात बसली होती. ती काहीच बोलली नाही, फक्त एकदा उठून दिवा वर केला.

ग्रामसभा फेब्रुवारी २०२३ मधल्या एका रविवारी होती. या वेळी कोरम व्हायलाच हवा म्हणून वाड्यांवरून टेम्पोने माणसं आणली होती. पुरुष सभागृहात गेले, सह्या केल्या. धनगरवाड्यातल्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायका बाहेर आंब्याखाली बसल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. एकीने घरून आणलेल्या भाकऱ्या सोडल्या. पंचायत सचिव दोनदा बाहेर येऊन गेले. तिसऱ्यांदा अध्यक्ष आले.

"आत चला. सह्या तेवढ्या करा."

"आमची पानं वाचून दाखवा आधी," त्यांतली थोरली म्हणाली. "कुणाचं नाव कुठं आहे ते."

त्या दिवशी पानं वाचली गेली नाहीत. बायकांची संख्या एक तृतीयांश भरली नाही, सभा तिसऱ्यांदा तहकूब झाली. जीपमध्ये सर गप्प होते. वाळपईच्या बाजारात उतरताना म्हणाले, "तू वाडा फोडलास." माझं उत्तर तयार होतं, पण ते सत्तरीच्या पुढचे, दम्याचे, पदरचे पैसे घालून संस्था चालवणारे. मी उतरून हिशेबाच्या वह्या घेऊन घरी गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं नाही. मी गेले तेव्हा टेबलावर त्यांच्या अक्षरातला एक कागद होता : 'सदर महिला स्वतंत्र कुटुंबप्रमुख असून अनवधानाने तिचा दावा स्वतंत्रपणे घेण्याचे राहून गेले, सबब मुदत वाढवून...' ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा. मुदतवाढीला लेखी कारण लागतं, ते त्यांनी शोधलं होतं. 'अनवधानाने' या शब्दाला मी हरकत घेतली. ते म्हणाले, "ठरावात असंच लिहितात." त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तीन आठवड्यांनी सभा झाली. अकरा फायलींत नावं घातली, काकीचा वेगळा दावा दाखल करून घेतला, एकेक पान मोठ्याने वाचलं. भावजी सभेला आले नाहीत.

नंतर

याचा हिशेब सरळ नाही. अकरा फायली पुन्हा लिहाव्या लागल्या, त्यात ३१ मार्च गेला. कंपनीने दुसरा हप्ता थांबवला. त्यांच्या तक्त्यात दाखल दाव्यांचा आकडा जेमतेम एकाने वाढला होता आणि महिला लाभार्थींचा उलट कमी झाला, कारण आता मी खऱ्या मोजल्या. एका कार्यकर्त्याने दुसरी नोकरी धरली.

भावजींनी तिला काही बोलून दाखवलं नाही. बोंडू तुडवायची दगडी डोणी त्यांच्या मांगरात होती, तिथं कुलूप लागलं. त्या मोसमात काकीने बोंडू टोपलीने विकले आणि फक्त बियांवर भागवलं. रस काढून फेणीच्या भट्टीवाल्याला दिला असता तर दोन पैसे अधिक सुटले असते. दिवाळीत मुलगी आली, तिने मिटवायचा प्रयत्न केला, तो फसला.

२४ जुलै २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचा भाग तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. त्याच निकालात वननिवासींचे दावे १२ महिन्यांत निकाली काढा असंही होतं, पण वाड्यावर पोचलं ते पहिलं वाक्य. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाड्यावर भावजी कुणाला तरी म्हणाले, "वेगळे झालात ना, आता वेगळेच उठाल." मला हे तिसऱ्याकडून कळलं, तेव्हा शब्द नेमके हेच होते का, सांगता येत नाही.

काकीच्या दाव्यावर शंका निघाली ती पुराव्याची. वंशावळीत बायका नसतात. पणजा, आजा, बाप, दोन मुलगे. धाकट्याच्या नावापुढे 'मयत' आणि रेघ संपली. एका खिडकीवरच्या कारकुनाने तिच्याकडे लग्नाच्या सह्यांचा दाखला मागितला. गोव्यात लग्न म्हणजे निबंधकाकडच्या सह्या, ही पोर्तुगीज काळापासूनची रीत. आणि त्या झाल्या असतील तर दांपत्याच्या मालमत्तेत बाईचा अर्धा वाटा धरला जातो. समान नागरी कायद्याचं गोव्यातलं कौतुक आपण ऐकतो ते यावरूनच. काकीचं लग्न वाड्यावर लागलं, वाळपईला सह्या करायला कुणी गेलं नाही. अर्ध्या वाट्याचा तो कायदा तिच्या दारापर्यंत आलाच नव्हता. वन हक्क कायदा असा दाखला मागत नाही, हे कारकुनाला पटवायला दोन खेपा लागल्या. शेवटी ग्रामसभेच्या ठरावातच ती अमक्याची पत्नी असल्याचं लिहून घेतलं.

आणि निवेदन मिळालं वाड्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचं. ती काकीच्या सासूची मैत्रीण. सासू या वाड्यावर सून म्हणून आली तेव्हा तिचा सासरा, म्हणजे काकीचा आजेसासरा, कुठं झोपायचा, गोठ्याचं जोतं कुठं होतं, फिरंगी शिपाई आले की म्हशी कुठल्या घळीत नेऊन लपवायच्या, हे तिने तासभर सांगितलं. मी लिहून घेतलं, तिने अंगठा केला. भावजींच्या फायलीत असं निवेदन नव्हतं. मी त्याची एक प्रत त्यांच्याही फायलीला जोडली, आणि तसं त्यांना कळवलं. उत्तर आलं नाही, पण प्रत काढून टाका असंही कुणी म्हणालं नाही.

२०२४ मध्ये मी संस्था सोडली आणि एका पतसंस्थेत लागले. काकीचा दावा तेव्हा उपविभागीय समितीपुढे होता. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. काकीच्या तुकड्याची वेगळी स्थळपाहणी झाली होती, व्हाळापर्यंत बिंदू घेतले होते, आणि जीपचं डिझेलचं बिल तिच्या टेबलावर होतं. कंपनीचं खातं बंद झालेलं. हा खर्च कुठं टाकायचा, तिला कळेना.

"प्रवासात टाक," मी म्हटलं.

"कुणासाठी म्हणून लिहू? इथं 'विधवा भावजय' आहे, पुढं कंसात..."

मी पूर्ण नाव सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, तो सुधारायला लावला.